‘छाया’ कोणाची?

गोव्यात दर 19 डिसेंबरला पुरवण्यांतून 1961 चे तेच ते फोटो पुन्हा छापून येतात. खाली बारीक टायपात ‘छाया: संग्रह’. संग्रह कोणाचा, बटण कोणी दाबले, हे विचारायची पद्धत नाही. तेव्हा व्हिएतनाम युद्धातल्या ‘नापाम गर्ल’ या फोटोच्या श्रेयावरून पेटलेला वाद आपल्याला परका वाटायचे कारण नाही.

फोटो सगळ्यांनी पाहिलेला आहे: नापाम बॉम्बने भाजून रस्त्यावर पळणारी नग्न मुलगी, दक्षिण व्हिएतनाममधले त्रांग बांग, 8 जून 1972. त्या दिवशी असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या सायगाव कार्यालयात खल झाला तो नग्न मुलीचा फोटो पाठवावा की नाही यावर. 1973 चा पुलित्झर पुरस्कार वृत्तसंस्थेचा पगारी छायाचित्रकार निक उट याला मिळाला. जानेवारी 2025 मध्ये एका माहितीपटाने दावा केला, की फोटो त्याचा नव्हेच, एका स्ट्रिंजरचा, म्हणजे फोटोमागे पैसे घेणाऱ्या बिनपगारी माणसाचा. सायगावात वरिष्ठांच्या सांगण्यावरून नाव बदलले आणि स्ट्रिंजरच्या हातावर 20 डॉलर नि एक प्रिंट टेकवली. छायाचित्रकाराने हे साफ फेटाळले. मे महिन्यात वृत्तसंस्थेने 96 पानी अहवाल काढून श्रेय कायम ठेवले. पण कॅमेरा बहुधा पेंटॅक्स असावा, असे त्याच अहवालात निघाले. छायाचित्रकार इतकी वर्षे लायका सांगत आला होता. त्याच महिन्यात ‘वर्ल्ड प्रेस फोटो’ या जागतिक स्पर्धेने फोटोला दिलेला आपला पुरस्कार तसाच ठेवून छायाचित्रकाराचे नाव तेवढे स्थगित केले.

घोळ ‘स्ट्रिंजर’ या शब्दात आहे. आपल्याकडे त्यालाही वार्ताहर म्हणतात आणि पगारी माणसालाही. सत्तरी-काणकोणातला वार्ताहर बातमीमागे पैसे घेतो, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर धाडतो; छापताना त्याचे ‘छाया: प्रतिनिधी’ होते. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात हक्क आणि कर्तृत्व वेगळे आहेत. हक्क विकला तरी कलम 57 प्रमाणे ‘हे माझे’ म्हणायचा अधिकार काढणाऱ्याकडेच राहतो. म्हणायला पुरावा मात्र लागतो, आणि रोल विकला की निगेटिव्ह कार्यालयाच्या कपाटात.

याआधीचे वाद बहुतेक मांडणीचे, म्हणजे फोटोसाठी दृश्य रचल्याचे. 1855 मध्ये क्रिमियाच्या युद्धात एकाच जागेच्या दोन फोटोंपैकी एकात तोफगोळे रस्त्यावर, दुसऱ्यात नाहीत. 1863 मध्ये अमेरिकी यादवीतल्या गेटिसबर्गला छायाचित्रकारांनी सैनिकाचे प्रेतच उचलून दुसरीकडे ठेवले. नावाचा घोळ स्पेनच्या यादवीत. त्याआधी पॅरिसमध्ये एंद्रे फ्रीडमन आणि गेर्डा तारो या दोघा छायाचित्रकारांनी मिळून ‘रॉबर्ट कापा’ हे बनावट नाव घेतले, पुढे ते फ्रीडमनचे एकट्याचे झाले. तारो 1937 मध्ये स्पेनच्या आघाडीवर जखमी होऊन मेली आणि तिचे कितीतरी फोटो त्याच्या नावावर राहिले. 2007 मध्ये मेक्सिकोतून या दोघांची आणि आणखी एका छायाचित्रकाराची सुमारे 4,500 निगेटिव्ह हाती आली, तेव्हा कुठे कोणते कोणाचे हे वेगळे करता आले.