डुकरांचे कल्याण: आधी जागा, मग माणूस

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये आणि पश्चिम युरोपात स्वस्त मांसाची मागणी वाढली, तशी डुकरे मोकळ्या आवारांतून बंदिस्त इमारतींत गेली. पेंढ्याच्या जागी फटी असलेली सिमेंटची जमीन आली. गाभण माद्यांनी एकमेकींना चावू नये आणि प्रत्येकीला मोजून खाद्य देता यावे म्हणून त्यांना अंगही वळवता येणार नाही अशा लोखंडी स्टॉलमध्ये ठेवले जाऊ लागले. 1964 मध्ये ब्रिटिश लेखिका रूथ हॅरिसन यांच्या ‘अ‍ॅनिमल मशीन्स’ या पुस्तकाने या पद्धतीवर बोट ठेवले आणि ब्रिटिश सरकारने नेमलेल्या ब्रॅम्बेल समितीने 1965 मध्ये अहवाल दिला. प्राण्याला सहज उठता, बसता, वळता, अंग साफ करता आणि पाय ताणता यावेत, एवढीच तिची किमान अपेक्षा होती. ती इतकी माफक असूनही ब्रिटनमध्ये स्टॉलवर बंदी यायला 1999 उजाडले. युरोपीय संघात 2013 पासून बंदी आली, तीही रेतनानंतरचे पहिले चार आठवडे आणि विण्याआधीचा आठवडा वगळून.

निवाऱ्याच्या वादात गोठ्यातला माणूस मात्र बराच काळ दुर्लक्षित राहिला. त्याच्याकडे लक्ष वेधले ते ऑस्ट्रेलियन प्राणिवर्तन-शास्त्रज्ञ पॉल हेम्सवर्थ यांनी. नेदरलँड्समध्ये प्रत्येकी एकच माणूस सांभाळत असलेल्या फार्मांची तुलना करून, जिथल्या माद्या माणसाला अधिक घाबरतात तिथे प्रजननही कमी असते, असे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981 मध्ये मांडले. पुढच्या प्रयोगांत, जवळ आलेल्या डुकराला चापट किंवा विजेचा झटका मिळाला, तर आठवड्यातून काही वेळा, काही सेकंदांचाच हा अनुभव असूनही त्याच्या शरीरातील ताणाचे संप्रेरक दीर्घकाळ वाढलेले राहिले आणि वाढ मंदावली. बहुतेक वेळा कुरवाळून मधूनच मारणेही डुकराच्या लेखी जवळपास मारण्याइतकेच ठरले. मला यातला सर्वांत बोलका निष्कर्ष हाच वाटतो.

या दोन बाजू वेगळ्या काढता येत नाहीत. अंधाऱ्या, अरुंद, अचानक वळणाऱ्या वाटेवर डुक्कर अडते, मग घाईतला कामगार दांडी उचलतो. आणि स्टॉलमधल्या मादीला नकोशा माणसापासून दूर सरकायलाही जागा नसते. युरोपीय नियमांत डुकरे सांभाळणाऱ्यांना मार्गदर्शन देण्याची अट आहे, पण तपासनीस टेपने स्टॉलची रुंदी मोजू शकतो, तसा रोजचा हात मोजता येत नाही. ऑस्ट्रेलियात म्हणूनच कामगारांची डुकरांविषयीची समजूत आणि वागणूक दोन्ही बदलण्यासाठी प्रशिक्षण आखले गेले, आणि त्यानंतर डुकरांची भीती कमी झालेली दिसली.