कुष्ठसेवेच्या संस्था गावाबाहेर का उभ्या राहिल्या?

दत्तपूर, तपोवन, आनंदवन. विदर्भातल्या माणसाला ही नावं वेगळी सांगावी लागत नाहीत. तिन्ही संस्था एकाच टापूत, पंधरा वर्षांच्या आत सुरू झाल्या आणि तिन्ही वस्तीपासून लांब, मोकळ्या रानात. त्या काळी या रोगावर खात्रीचं औषध नव्हतं, समाजाच्या मनात भीती होती आणि त्या भीतीला कायद्याचंही पाठबळ होतं.

मुंबईत याची सुरुवात 1890 साली झाली. बेघर कुष्ठरुग्णांसाठी माटुंग्याच्या बाजूला, तेव्हाच्या शहराच्या वेशीबाहेर, आश्रयस्थान निघालं. त्यामागे पालिका आयुक्त एच. ए. अॅक्वर्थ होते; शंकर तुकाराम शाळिग्रामांबरोबर मराठी पोवाडे जमवून छापणारे तेच हे अॅक्वर्थ. वडाळ्याचं अॅक्वर्थ रुग्णालय हे त्याचंच आजचं रूप. रस्त्यावरच्या रुग्णांना निवारा मिळावा हा एक हेतू, आणि ते शहराच्या नजरेआड जावेत हा दुसरा. पुढे स्थापन झालेल्या कितीतरी संस्थांत हे दोन्ही हेतू एकमेकांत मिसळलेले दिसतात.

खरं तर 1873 सालीच नॉर्वेच्या हॅन्सन यांना या रोगाचा जंतू सापडला होता. हिंदुस्थानात आलेल्या चौकशी आयोगानेही 1890-91 मध्ये पाहणी करून, रोग फारसा संसर्गजन्य नाही असाच निर्वाळा दिला. तरीही 1898 चा कायदा आलाच. निर्धन कुष्ठरुग्णाला पकडून आश्रयस्थानात डांबण्याची आणि त्याला काही व्यवसाय बंद करण्याची मुभा त्याने दिली. घरदार असलेल्या रुग्णाला मात्र त्याची सहसा झळ लागली नाही. हा कायदा पुस्तकातून पूर्णपणे निघाला 2016 साली.

त्या काळात ख्रिस्ती मिशनऱ्यांनी जे केलं ते मोकळेपणाने मान्य करायला हवं. वेलस्ली बेली यांनी 1874 साली डब्लिनमध्ये सुरू केलेल्या मिशनचं काम पुढे महाराष्ट्रातही आलं. अचलपूरजवळचं कोठारा, कोकणातलं पोलादपूर, मिरज ही त्यातली ठिकाणं. आपल्याकडचे लोक जखमेला हात लावायला तयार नव्हते, तेव्हा ही माणसं मलमपट्टी करत होती.

विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी 1936 मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरला काम सुरू केलं, तेव्हा चित्र पालटायला लागलं. थोड्याच वर्षांत संस्कृतचे पंडित परचुरेशास्त्री सेवाग्रामला आले. त्यांना कुष्ठरोग होता. गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतलं आणि स्वतःच्या हाताने त्यांना मालीश केलं. ही सेवा साऱ्या देशाने पाहिली. विधायक कार्यक्रमात कुष्ठसेवेला जागा मिळाली. पुढे 1946 मध्ये डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी अमरावतीला तपोवन उभं केलं.

बाबा आमटे आणि साधनाताईंचं आनंदवन 1951 चं. बाबा दत्तपूरला शिकले, कलकत्त्याला जाऊन शास्त्रीय प्रशिक्षण घेऊन आले आणि वरोऱ्याजवळच्या खडकाळ जमिनीवर मोजक्या रुग्णांसह विहीर खणायला लागले. रुग्णाने दानावर जगू नये, कष्ट करावे, हा त्यांचा आग्रह होता. सुरुवातीला वरोऱ्यातले लोक आनंदवनातला भाजीपाला घ्यायलाही कचरत. परदेशातून आलेल्या तरुण स्वयंसेवकांनी इथे राहून बांधकाम केलं, तेव्हा गावाची भीती हळूहळू ओसरली. 1964 मध्ये आनंदनिकेतन महाविद्यालय निघालं आणि बाहेरची मुलं शिकायला कुष्ठरुग्णांच्या वसाहतीत येऊ लागली. मला ही घटना फार मोठी वाटते. जिथे पाऊल टाकायला माणसं घाबरत, तिथे आईबापांनी आपली मुलं पाठवली.

त्याच 1951 साली वर्ध्यात आणखी एक काम सुरू झालं, आणि त्याची आठवण आपण पुरेशी ठेवलेली नाही असं मला मनापासून वाटतं. ते म्हणजे गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान. डॉ. रा. वि. वारदेकर तिथे संचालक होते. डॅप्सोन ही स्वस्त गोळी तोवर हाती आली होती. वारदेकरांचा विचार सरळ होता: गोळी घरी घेता येत असेल तर माणसाने घर का सोडायचं? सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार अशी तीन अंगांची पद्धत त्यांनी बसवली. प्रशिक्षित कार्यकर्ता गावात जायचा, घरोघरी माणसं तपासायचा, फिक्कट किंवा लालसर चट्टा दिसला तर तिथे स्पर्श कळतो का ते पाहायचा, गोळ्या द्यायचा, आणि शेजारपाजाऱ्यांना समजवायचा. यात वसाहत नव्हती, की छायाचित्रात मावेल असं काही नव्हतं. पण 1955 मध्ये सरकारने राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रम आखला, तो याच पद्धतीच्या अंगाने. वसाहतीने घर तुटलेल्यांना नवं घर दिलं, आणि वारदेकरांच्या माणसांनी असंख्य घरं तुटूच दिली नाहीत. दोन्ही कामं लागत होती.

मुंबईत डॉ. नोशीर अंटिया यांनी वाकडी झालेली बोटं, बसलेली नाकं शस्त्रक्रियेने सुधारायला घेतली. चेहऱ्यावरून ओळख पटते म्हणून नोकरी न मिळणाऱ्याला तो उपचारच होता. सत्तरच्या दशकात बॉम्बे लेप्रसी प्रोजेक्ट, अलर्ट-इंडिया यांसारख्या संस्था झोपडपट्ट्यांत शिरल्या.

डॅप्सोन वर्षानुवर्षं घ्यावी लागे आणि जंतू तिला दाद देईनासे झाले. 1981 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचार, म्हणजे एमडीटी, सुचवला. ज्या जिल्ह्यांत तो आधी पोचला त्यांत वर्धा होता. आता ठरावीक मुदतीत, आणि पुढे तर सहा महिने किंवा वर्षभरात, उपचार संपू लागला. डिसेंबर 2005 मध्ये देशातलं रुग्णांचं प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आलं आणि निर्मूलनाची घोषणा झाली.

संस्थांची अडचण तिथून वाढली. रोग संपला असं समजून देणग्या आटल्या, घरोघर तपासणाऱ्या खास कार्यकर्त्यांचं काम सर्वसाधारण आरोग्यसेवेत विरघळून गेलं. देशात आजही वर्षाला लाखाच्या घरात नवे रुग्ण सापडतात. औषधाने जंतू मरतात, पण आधीच गेलेली संवेदना बहुधा परत येत नाही. बधिर तळपायात काटा रुतला तरी कळत नाही, जखम चिघळते, बोट जातं. म्हणून मऊ रबराच्या चपला, पाय रोज भिजवून तेल लावायची सवय, व्रणाची मलमपट्टी, हे आयुष्यभर चालतं. ते सरकारी दवाखान्यातल्या गर्दीत होत नाही. संस्थाच करतात.

तरुणपणी बरे होऊनही ज्यांना घरच्यांनी परत घेतलं नाही, ते आता वसाहतींतच म्हातारे झाले आहेत. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून कायद्यातून निघालं ते 2019 मध्ये. तोवर या माणसांचे संसार मोडून दशकं लोटली होती. आता त्यांना कुष्ठरोगावरचं औषध नको आहे. हवी आहे वृद्धाला लागते तशी शुश्रूषा: मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, अंथरुणाला खिळलेल्याला भरवणारा हात, रात्री जागणारं कुणीतरी. या खर्चासाठी देणगी मिळवणं विहिरीसाठी मिळवण्याहून कठीण जातं. पण जुन्या संस्थांच्या कामाचा फार मोठा भाग आज हाच आहे.