बुद्धिबळातील मोहऱ्यांची नावे

‘चतुरंग’ हे खेळाचे संस्कृत नाव सेनेच्या चार अंगांवरून पडले. अमरकोशातील हत्ती, घोडा, रथ व पायदळ हीच पटावरची मूळ मोहरी. बाणाच्या हर्षचरितात (सातवे शतक) अष्टापदावरील (आठ बाय आठ घरांच्या पटावरील) चतुरंगाचा श्लेष येतो. त्याआधीचे मानले जाणारे उल्लेख तितके निःसंदिग्ध नाहीत. पुढे पेहलवीत (जुन्या फारसीच्या मधल्या रूपात) ‘चतरंग’ आणि अरबीत ‘शतरंज’ झाले. त्याच वाटेने मोहऱ्यांची नावेही पश्चिमेकडे गेली, काही अर्थासह, तर काही नुसत्या उच्चारासह.

सर्वांत गुंतागुंतीचा प्रवास हत्तीचा. फारसी ‘पील’ अरबीत ‘फील’ झाला, कारण अरबीत ‘प’ नाही. ‘अल’ या अरबी उपपदासह तो स्पॅनिशमध्ये ‘आल्फिल’ म्हणून राहिला. त्या भाषेत आज या शब्दाला दुसरा प्रचलित अर्थ नाही. इटालियनांनी त्याचा ‘आल्फिएरे’ म्हणजे निशाणबरदार केला. फ्रेंच ‘फू’ (विदूषक) हाही बहुधा ‘फील’चाच अपभ्रंश. इस्लामी जगातील बरेच मोहरे निराकार असत. हत्ती म्हणजे वर दोन सुळ्यांचे उंचवटे असलेला गोळा. या दुभंगलेल्या माथ्यात इंग्रजांना बिशपची (ख्रिस्ती धर्माधिकाऱ्याची) टोपी दिसली असावी, म्हणून त्यांच्याकडे हे मोहरे ‘बिशप’ झाले. स्कॉटलंडच्या लुईस बेटावर सापडलेल्या बाराव्या शतकातील वॉलरसदंती संचात तर टोपीधारी बिशपच कोरलेले आहेत. रशियनमध्ये मात्र ‘स्लोन’ म्हणजे हत्तीच.

मराठी वाचकाची गफलत इथेच होते. रशियनांचा हत्ती तिरका चालतो, म्हणजे तो आपला उंट. आपला हत्ती कोपऱ्यात असतो आणि सरळ चालतो. ही मांडणी केवळ अलीकडची म्हणता येत नाही. नवव्या शतकातील अरब तज्ज्ञ अल-अदली भारतीय खेळात हत्ती कोपऱ्यात असल्याचे सांगतो. बंगालीत तिरके मोहरे ‘गज’ आहे, तर कोपऱ्यात ‘नौका’.

कोपऱ्यातल्या मोहऱ्याचे फारसी नाव ‘रुख’. त्याचा अर्थ रथ, हे मत अधिक ग्राह्य वाटते. कथांतील रुख नावाच्या प्रचंड पक्ष्याशी जोडलेला संबंध मागाहूनचा असावा. इटालियनमध्ये ‘रोक्को’ला (रुखच्या तिथल्या रूपाला) ‘रोक्का’ (गढी) हा शब्द जवळचा असल्याने मोहऱ्याचा बुरूज झाला, असे मानतात.

वजीर हा अरबी ‘फिर्झान’, म्हणजे सल्लागार. युरोपात त्याची राणी झाली. तिला आजची लांब चाल पंधराव्या शतकाच्या अखेरीस मिळाली, म्हणून तिचे श्रेय कधीकधी स्पेनच्या राणी इसाबेलाला दिले जाते. नावापुरते तरी ते टिकत नाही: स्वित्झर्लंडमधील आइन्सीडेल्न मठाच्या, इ. स. 1000 च्या सुमारास रचलेल्या लॅटिन काव्यात ‘रेजिना’ (राणी) आधीच आहे.

घोडा बहुतेक ठिकाणी घोडा किंवा स्वारच. प्यादे बहुतेक ठिकाणी पायदळाचेच, जर्मनांनी मात्र त्याचा ‘बाउअर’, म्हणजे शेतकरी केला.