विंडोज ‘उडालं’ म्हणजे नेमकं काय गेलं?

पुण्यात इंजिनिअरिंगची कॉलेजं सुरू झाली आणि प्रॅक्टिकलला लिनक्स (विंडोजसारखीच दुसरी, मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) लागतं हे कानावर आलं, की लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानांत एक ठरलेली तक्रार यायला लागते: ‘उबंटू टाकत होतो, विंडोज उडालं.’ उबंटू हा लिनक्सचाच एक लोकप्रिय प्रकार. दुकान कात्रजचं असो, कर्वेनगरचं असो की तापकीर गल्लीतलं, उत्तरही बऱ्याचदा ठरलेलंच असतं. ‘फॉरमॅट मारून देतो, संध्याकाळी घेऊन जा.’ खरं नुकसान पुष्कळदा या वाक्यानंतर सुरू होतं. तोवर मागच्या सेमिस्टरच्या नोट्स, घरचे फोटो, अर्धवट प्रोजेक्ट हे सगळं डिस्कवर जागच्या जागी असतं. हरवलेली असते ती तिथवर जायची वाट.

लॅपटॉपचं बटण दाबल्यावर आधी जागं होतं ते मदरबोर्डवरचं फर्मवेअर, म्हणजे तिथल्या चिपमध्येच भरून ठेवलेला प्रोग्रॅम. त्याला विंडोज काय आणि उबंटू काय, दोन्ही सारखेच परके. बायोस नावाच्या जुन्या फर्मवेअरच्या काळात ते एकच काम करायचं: डिस्कच्या सुरुवातीचे ५१२ बाइट्स वाचायचे आणि तिथला प्रोग्रॅम चालवायचा. ही पद्धत १९८३ साली डॉसच्या २.० आवृत्तीबरोबर आयबीएमच्या पीसीवर आली. त्या ५१२ बाइट्समधले ४४६ प्रोग्रॅमसाठी, ६४ पार्टिशनच्या (डिस्कचे पाडलेले कप्पे) तक्त्यासाठी आणि उरलेले २ ‘इथून सुरुवात होते’ या खुणेसाठी. युटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीच्या एका अक्षरचिन्हाला ३ बाइट्स लागतात, म्हणजे ४४६ बाइट्समध्ये जेमतेम दीडशे चिन्हं बसतील. एवढ्याशा जागेत दोन प्रोग्रॅम नांदणं शक्यच नव्हतं, त्यामुळे जो शेवटी आला त्याने आधीच्याला पुसलं. लिनक्सनंतर विंडोज टाकलं की लिनक्स ‘गायब’ व्हायचं ते यामुळेच.

आताच्या यूईएफआय फर्मवेअरने ही मारामारी बरीचशी संपवली. डिस्कवर ईएफआय नावाचं एक छोटं पार्टिशन असतं, विंडोज ते बहुधा १०० एमबीचं करतं. त्यात विंडोजचा एक फोल्डर, उबंटूचा एक फोल्डर आणि प्रत्येकात आपापली सुरुवात करून देणारी फाइल असते. शिवाय मदरबोर्डच्या स्वतःच्या स्मृतीत एक यादी असते: कोणती फाइल कुठे आहे आणि आधी कोणाला बोलवायचं. पेठेतल्या जुन्या वाड्याच्या दारावर भाडेकरूंच्या नावांची पाटी असते ना, तसाच हा प्रकार. पाटी कोणी काढून नेली तर पोस्टमन गोंधळतो, भाडेकरू मात्र आपापल्या खोल्यांतच असतात.

म्हणून पडद्यावर काय दिसतंय ते आधी नीट वाचावं. उबंटू टाकून झालं आणि तरी थेट विंडोजच उघडलं, तर बहुतेक वेळा यादीतला क्रम तेवढा चुकलेला असतो. लॅपटॉप सुरू होताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप (कंपनीगणिक बटण वेगळं) दाबून मेनू आणावा, त्यात उबंटू दिसलं तर दुरुस्ती दोन मिनिटांची. उलट उबंटू उघडतंय पण निवडीच्या मेनूत विंडोजचं नावच नाही, ही तक्रार गेल्या काही वर्षांत वाढली आहे. त्याचं कारण मजेशीर आहे. निवडीचा मेनू दाखवणाऱ्या ग्रब या प्रोग्रॅमने २०२१ सालच्या २.०६ आवृत्तीपासून दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिम आपणहून शोधणं सुरक्षेच्या कारणास्तव बंद केलं. सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ बदलून मेनू पुन्हा तयार केला की विंडोज परत हजर होतं. हे माहीत नसल्यामुळे किती जणांनी धडधाकट विंडोज पुसून पुन्हा टाकलं असेल, कोण जाणे.

काळ्या पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ एवढेच शब्द दिसले की मुलं फार घाबरतात. बहुतेकदा गोष्ट अशी असते: लिनक्स नकोसं झालं, म्हणून विंडोजमध्ये जाऊन त्याचं पार्टिशन काढून टाकलं. पण ग्रबचा पहिला तुकडा ईएफआय पार्टिशनमध्ये राहून गेला आणि यादीत पहिला नंबरही त्याचाच. आता तो सुरू होतो, आपलं उरलेलं सामान पुसलेल्या पार्टिशनमध्ये शोधतो आणि तिथेच अडून बसतो. सुरू होतानाच्या मेनूतून विंडोज निवडलं तर ते मुकाट्याने उघडतं.

निळा पडदा येऊन ४८ आकडी किल्ली मागितली जाते, तो प्रकार मात्र समजून घेण्यासारखा आहे. बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये बिटलॉकरची, म्हणजे डिस्कवरचा डेटा किल्लीशिवाय वाचता येऊ न देणाऱ्या विंडोजच्या सोयीची, कुलूपबंदी मालकाच्या नकळत चालू असते. कुलपाची किल्ली टीपीएम नावाच्या चिपमध्ये ठेवलेली असते. ही चिप सुरुवातीच्या प्रत्येक टप्प्याची मोजणी साठवते आणि ती नेहमीसारखी भरली तरच किल्ली सोडते. उबंटूसाठी सिक्युअर बूट (फक्त विश्वासातल्या फाइल्सनाच सुरू होऊ देणारी फर्मवेअरची राखण) बंद केलं किंवा सुरुवातीची साखळी बदलली, की मोजणी जुळत नाही. चिपच्या दृष्टीने हा चोरही असू शकतो. अशा वेळी ती ४८ आकडी किल्ली बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सापडते. फक्त ते खातं कोणाच्या ईमेलवर उघडलं होतं, बाबांच्या की दुकानदाराने ऐनवेळी बनवलेल्या, हे आठवावं लागतं. किल्ली मिळाली की सगळं जसंच्या तसं. ती मिळायच्या आधी फॉरमॅट मारलं तर मग कोणीच काही करू शकत नाही.

कधीकधी वापरणाऱ्याने काहीच केलेलं नसतं. १३ ऑगस्ट २०२४ रोजी आलेल्या विंडोजच्या अपडेटने लिनक्सच्या जुन्या, सुरक्षेत त्रुटी असलेल्या सुरुवातीच्या फाइल्सवर बंदी घातली. दोन सिस्टिम असलेल्या यंत्रांना तो बदल लागू होणार नाही असं मायक्रोसॉफ्टने म्हटलं होतं, पण अनेकांना तो लागू झाला. चांगलं चालणारं लिनक्स ‘काहीतरी गंभीर बिघडलं आहे’ असा इंग्रजी संदेश दाखवून बंद पडू लागलं. सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करून लिनक्समधून ती बंदी काढता येत होती. अर्थात सिक्युअर बूटला हात लावला की बिटलॉकरची किल्ली लागू शकते, त्यामुळे ती आधी शोधून ठेवलेली बरी.

बिघाड यापेक्षा खोल असेल, म्हणजे पार्टिशनचा तक्ताच बिघडला असेल, तरी आशा असते. हा तक्ता लिहिण्याच्या जीपीटी नावाच्या नव्या पद्धतीत त्याच्या दोन प्रती असतात, एक डिस्कच्या सुरुवातीला आणि दुसरी अगदी शेवटी. प्रत्येकीबरोबर तिची बेरीज-पडताळणी नोंदलेली असते, त्यामुळे कोणती प्रत खराब झाली ते ओळखता येतं. विंडोजच्या एनटीएफएस (फाइल्स मांडायची विंडोजची पद्धत) पार्टिशनचा पहिला सेक्टर, म्हणजे डिस्कचा सगळ्यात छोटा तुकडाही त्याच पार्टिशनच्या शेवटच्या सेक्टरमध्ये जपलेला असतो. टेस्टडिस्क हा मोफत प्रोग्रॅम अशा खुणा शोधत डिस्क पिंजून काढतो आणि पुसलेली पार्टिशन कुठून कुठपर्यंत होती ते सांगतो. त्याने सुचवलेला तक्ता लिहिण्याआधी आतल्या फाइल्सची यादी दिसते का ते जरूर पाहावं.

मात्र उबंटूच्या इन्स्टॉलरमध्ये ‘संपूर्ण डिस्क पुसून टाका’ हा पर्याय निवडून पुढे गेलेल्याला असा दिलासा देता येत नाही. जुनी फिरती हार्डडिस्क असेल तर ज्या भागावर नवं काही लिहिलं गेलेलं नाही तिथला जुना डेटा शिल्लक असतो. फोटोरेकसारखा प्रोग्रॅम फाइलच्या सुरुवातीचे ठरावीक बाइट्स ओळखून फोटो आणि कागदपत्रं वेचून काढतो, फाइलची मूळ नावं आणि फोल्डर मात्र बहुतेक हाती लागत नाहीत. एसएसडीचं, म्हणजे फिरत्या चकतीऐवजी चिपवर डेटा ठेवणाऱ्या डिस्कचं, गणित वेगळं. लिनक्सचं पार्टिशन फॉरमॅट होतानाच ‘ही सगळी जागा आता मोकळी’ असा ट्रिमचा आदेश एसएसडीला दिला जातो आणि एसएसडी तो मनावर घेते. त्यानंतर त्या जागेत जुनं काही सापडण्याची शक्यता फारच कमी.

ही वेळ आली नसेल, तर दुरुस्तीचा क्रम महत्त्वाचा. आधी दुसऱ्या कोणाच्या संगणकावर उबंटूचा पेनड्राइव्ह बनवावा आणि त्यातून ‘इन्स्टॉल न करता वापरून पाहा’ हा पर्याय घ्यावा. डिस्कची पार्टिशन दिसली की कामाच्या फाइल्स बाहेरच्या डिस्कवर उतरवाव्यात, बाकी सगळं त्यानंतर. बिटलॉकर असेल तर इथेही किल्ली लागेल. विंडोजचं पार्टिशन फक्त वाचता येतंय, त्यात लिहिता येत नाही, असं दिसलं तर घाबरू नये. २०१२ सालच्या विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ आलं. शटडाउन केलं तरी विंडोजचा गाभा झोपवून डिस्कवर ठेवला जातो, म्हणून लिनक्स त्या पार्टिशनला हात लावायला कचरतं, आणि ते बरोबरच करतं.

फाइल्स बाहेर आल्या की मग वाट दुरुस्त करायची. विंडोजच्या बाजूने इन्स्टॉलेशनच्या पेनड्राइव्हवरून कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडून ‘बीसीडीबूट’ ही आज्ञा दिली की ती ईएफआय पार्टिशनमधल्या फाइल्स नव्याने लिहिते. लिनक्सच्या बाजूने पेनड्राइव्हवरून आधीच्या लिनक्समध्ये शिरून ग्रब पुन्हा बसवता येतं. ‘बूट-रिपेअर’ नावाचं एका बटणात सगळं करून देणारं साधनही आहे. बऱ्याचदा ते काम करतं, पण नक्की काय बदललं हे न कळता दुरुस्ती झाली तर पुढच्या वेळी पुन्हा तिथेच अडकायला होतं, म्हणून मी ते शेवटी ठेवतो. पुण्यात विचारायला माणसंही मिळतात. ‘प्लग’ हा इथला लिनक्स वापरणाऱ्यांचा जुना गट आहे. आणि खरं सांगायचं तर कॉलेजच्या बहुतेक प्रॅक्टिकलना व्हर्च्युअलबॉक्समध्ये (विंडोजच्याच आत दुसरी सिस्टिम चालवणारा प्रोग्रॅम) टाकलेलं लिनक्सही पुरतं, पण हे ऐकतो कोण!

एवढं सगळं जुळलं, दोन्ही सिस्टिम मेनूत दिसू लागल्या, की दुसऱ्या दिवशी नवी तक्रार येते: दुपारी बारा वाजता विंडोजचं घड्याळ सकाळचे साडेसहा दाखवतंय. ते बिघडलेलं नसतं. मदरबोर्डवरच्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ लिहितं, आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजून वाचतं. भारताची वेळ ५ तास ३० मिनिटं पुढे, म्हणून फरकही तेवढाच. लिनक्सला ‘टाइमडेटसीटीएल’ या आज्ञेने स्थानिक वेळ लिहायला सांगता येतं, किंवा विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंग्जच्या वहीत, एक नोंद घालून त्याला जागतिक वेळ वाचायला लावता येतं. दोन्हींपैकी एकच करावं. दोन्ही केली तर लिनक्स स्थानिक वेळ लिहील, विंडोज ती जागतिक समजेल, आणि घड्याळ या खेपेला साडेपाच तास पुढे धावेल.