चर कुणाचा, प्रकाश कुणाचा?

मालाड-कांदिवलीकडे एकाच मजल्यावरच्या दोन बिऱ्हाडांना वीज एकाच तारेतून मिळते, पण बिलं दोन वेगळ्या कंपन्यांची असू शकतात. तारा अदानीच्या, म्हणजे पूर्वीच्या रिलायन्सच्या. एका घरी वीजही त्यांचीच, शेजारच्या घरी मात्र टाटाची. टाटाचा ग्राहक दुसऱ्याच्या तारा वापरतो म्हणून त्याचं भाडं भरतो. बिलावर ते ‘वहन आकार’ म्हणून येतं. टाटा पॉवरला मुंबईत घरगुती ग्राहकांना वीज विकता येईल, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्पष्ट केलं आणि पुढे ‘चेंजओव्हर’, म्हणजे तारा त्याच ठेवून कंपनी बदलणं, सुरू झालं. त्यासाठी फूटभरही रस्ता खोदावा लागला नाही.

आता त्याच इमारतीच्या गच्चीवर जा. पाण्याच्या टाकीमागे काळ्या केबलींची भेंडोळी पडलेली असतात. प्रत्येक इंटरनेट कंपनीची केबल वेगळी, पेटी वेगळी, दुरुस्तीला येणारा माणूस वेगळा. तुम्ही कंपनी बदललीत की नवा पोरगा येतो, ड्रिल मारून खिडकीच्या चौकटीत आणखी एक भोक पाडतो आणि नवी केबल आत घेतो. जुनी तशीच लोंबत राहते, कारण ती काढायचे पैसे कुणालाच मिळत नाहीत.

विजेच्या बाबतीत साधलं ते इंटरनेटला का साधू नये? कागदोपत्री उत्तर परवान्यांच्या नियमांत आहे, पण त्याचा अर्धा भाग, ज्या काचेच्या तंतूंतून, म्हणजे फायबरमधून, इंटरनेट येतं, त्या काचेच्या भौतिकशास्त्रात दडलेला आहे. आणि गंमत म्हणजे भौतिकशास्त्र वाटून घेण्याच्याच बाजूने आहे.

आधी परवान्याचं बघू. जगात अनेक शहरं स्वतः कंपन्यांशी करार करून फायबरचं जाळं उभारायचा हक्क देतात. मुंबईत तसं नाही. १८८५च्या टेलिग्राफ कायद्याने तार खात्याचा मक्ता केंद्राकडे ठेवला आणि तो वारसा आजही चालू आहे. इंटरनेट सेवेचं लायसन्स दिल्लीतला दूरसंचार विभाग देतो. १५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, १९९८मध्ये खाजगी कंपन्यांना दार उघडलं. आज अखिल भारतीय, एका सर्कलपुरता (साधारण एका राज्याएवढा टापू) आणि छोट्या भागापुरता असे अ, ब, क वर्गाचे परवाने मिळतात. ज्यांना इंटरनेट विकायचं नाही, नुसते डक्ट (केबलींसाठीचे जमिनीखालचे पाईप) आणि फायबर घालून भाड्याने द्यायचं आहे, त्यांच्यासाठी आयपी-१ ही वेगळी नोंदणी आहे. महापालिकेच्या हातात उरतो तो रस्ता: चर खोदायची परवानगी, तो बुजवायचा खर्च आणि पावसाळ्यात खोदकामाला बंदी. त्यातही रस्त्यातून केबल नेण्याच्या हक्काबद्दलच्या २०१६च्या ‘राइट ऑफ वे’ नियमांनी पालिकेचे हात बांधले. प्रशासकीय खर्च आणि रस्ता पूर्ववत करण्याचा खर्च एवढंच मागता येतं. १ जानेवारी २०२५पासून २०२३च्या नव्या दूरसंचार कायद्याखालचे नियम लागू झाले, पण गाभा तोच आहे. परवाना देणारा एक, खड्डा सोसणारा दुसरा.

खाजगी कंपनीला शहराच्या पोटात तारा घालू देणं मुंबईला नवं नाही. १८८१-८२मध्ये इंग्लंडच्या ओरिएंटल टेलिफोन कंपनीला इथे एक्स्चेंज उघडायला परवानगी मिळाली. १९४३मध्ये सरकारने ती सेवा ताब्यात घेतली. वीज आणि ट्रामची कंपनी १९०५ची, ती १९४७मध्ये पालिकेकडे आली आणि आपल्याला बेस्ट मिळाली. म्हणजे जाळं खाजगी पैशातून उभं राहायचं आणि स्थिरावलं की सार्वजनिक व्हायचं, अशी इथली जुनी चाल. फायबरच्या बाबतीत ती चाल मोडली. एमटीएनएलचं तांबं होतं तेव्हा एका घराला एकच तार होती. काच आली आणि तारांची संख्या वाढली, जेव्हा खरं तर ती वाढायचं काहीच कारण नव्हतं.

का नव्हतं, ते काचेत डोकावल्याशिवाय कळणार नाही. घरी येणाऱ्या फायबरची जाडी १२५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग. त्याच्या मधोमध सुमारे ९ मायक्रॉनचा गाभा असतो आणि प्रकाश त्यातूनच जातो. गाभ्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याची क्षमता, भोवतालच्या काचेपेक्षा किंचित जास्त ठेवलेला असतो, त्यामुळे कडेला गेलेला प्रकाश बाहेर न पडता पुन्हा आत वळतो. हे तत्त्व एकोणिसाव्या शतकापासून माहीत होतं. पंजाबात जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानी यांनी १९५०च्या दशकात लंडनमध्ये काचेच्या तंतूंच्या जुडग्यातून चित्र पलीकडे नेऊन दाखवलं. पण दूरवर निरोप पाठवायला ही काच कुचकामी होती. काही मीटरांतच प्रकाश विझायचा.

१९६६मध्ये चार्ल्स काव आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी दाखवून दिलं की दोष काचेचा नाही, तिच्यातल्या लोखंड-तांब्यासारख्या अशुद्धींचा आहे. किलोमीटरमागे २० डेसिबलच्या आत घट आणली तर टेलिफोनसाठी काच चालेल, असा त्यांचा हिशेब होता. डेसिबल हे प्रकाश किती मंदावला ते मोजायचं माप; २० डेसिबल घट म्हणजे शंभरातला एक भाग शिल्लक. १९७०मध्ये अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीने १७ डेसिबलचं फायबर काढलं. आज १५५० नॅनोमीटर तरंगलांबीला ही घट किलोमीटरमागे ०.२ डेसिबलच्या आसपास असते. तेव्हा एका किलोमीटरनंतर जेवढा प्रकाश उरला तरी चालणार होता, तेवढा आता १०० किलोमीटरनंतर उरतो. काव यांना २००९ साली नोबेल मिळालं.

प्रकाश पोचतो हे झालं. तो किती माल वाहतो हे त्याहून चक्रावणारं आहे. एकाच तंतूतून वेगवेगळ्या तरंगलांबीचे, म्हणजे वेगवेगळ्या ‘रंगांचे’ लेसर एकाच वेळी सोडता येतात आणि ते एकमेकांत मिसळत नाहीत. (हे रंग डोळ्यांना न दिसणारे, अवरक्त आहेत, म्हणूनच उघड्या टोकात कधी डोळा लावू नये.) ८० रंग, प्रत्येकावर सेकंदाला १०० गिगाबिट, म्हणजे एका तंतूवर ८ टेराबिट. वर्सोव्याच्या किनाऱ्याला लागणाऱ्या समुद्राखालच्या केबली याच तंत्रावर चालतात. तेव्हा पाच कंपन्यांनी एका गल्लीतून पाच केबली नेण्याचं कारण ‘एकीत मावत नाही’ हे असूच शकत नाही.

गल्लीपासून घरापर्यंतची रचना मात्र निराळी असते, आणि स्पर्धेची मेख तिथेच आहे. एक्स्चेंजमधून निघालेलं एक फायबर वाटेतल्या डब्यात ३२ किंवा ६४ घरांत वाटलं जातं. वाटणारं उपकरण म्हणजे स्प्लिटर. नुसती काच; त्याला वीज लागत नाही, म्हणून रस्त्यावर पाणी तुंबलं किंवा लाइट गेली तरी त्याला फरक पडत नाही. पण तो किंमत वसूल करतो. ३२ घरांत वाटताना सुमारे १७ डेसिबल जातात. चर्चगेट ते विरार, ६० किलोमीटर सलग काचेतून जाताना प्रकाश जितका मंदावेल, त्याहून जास्त तो तळहातावर मावणाऱ्या या डबीत मंदावतो. जीपॉन या रूढ पद्धतीत साधारण २८ डेसिबलपर्यंतची घट चालते. सतरा स्प्लिटरने खाल्ले की उरलेल्या अकरात अंतर, जोड आणि कनेक्टर बसवायचे.

खाली येणारा प्रवाह १४९० नॅनोमीटरवर सगळ्या ३२ घरांत सारखाच पोचतो. तुमच्या घरची पेटी त्यातलं फक्त तुमचं, कुलूपबंद केलेलं पाकीट उघडते. वर जाताना, १३१० नॅनोमीटरवर, चाळीतल्या नळासारखा नंबर लागतो: प्रत्येक घराला काही मायक्रोसेकंदांची पाळी मिळते, आणि कुणाचं घर किती लांब आहे हे मोजून ती पाळी आधीच जुळवून ठेवलेली असते. ती पाळी ठरवणारं यंत्र एक्स्चेंजमध्ये एकच, एका कंपनीचं. म्हणून स्प्लिटर ज्याचा, त्याच्याखालची ३२ घरं त्याची. इथे दुसऱ्या कंपनीला आत घ्यायचं तर तिला वेगळा रंग द्यावा लागतो किंवा पहिलीच्या यंत्रातून घाऊक माल घ्यावा लागतो. पहिलं महाग पडतं, दुसरं पहिलीच्या मर्जीवर अवलंबून राहतं.

दुसरी रचना म्हणजे प्रत्येक घरापासून एक्स्चेंजपर्यंत स्वतंत्र तंतू. मध्ये स्प्लिटर नाही; कंपनी बदलायची तर एक्स्चेंजमध्ये पॅच कॉर्ड, म्हणजे छोटी जोडकेबल, एका खणातून काढून दुसऱ्यात खुपसायची. स्वित्झर्लंडच्या अनेक शहरांत स्विसकॉम ही दूरसंचार कंपनी आणि शहरांच्या वीज कंपन्यांनी मिळून घरटी चार तंतू नेले, एक याचा, एक त्याचा, बाकी शिल्लक. पुढे स्विसकॉमने पैसे वाचवायला रस्त्यात स्प्लिटर टाकायला सुरुवात केली, तेव्हा २०२०मध्ये तिथल्या स्पर्धा आयोगाने तिला अडवलं. रस्त्यातला डबा कुठे बसवायचा, हा प्रश्न इंजिनिअरांच्या टेबलावरून थेट आयोगापुढे गेला. माझ्या मते तो होताच तिथला.

दादरच्या एका गल्लीत फूटपाथवर स्टुलावर बसून जोड मारणारा स्प्लायसर पाहायला मिळाला. केबलच्या पोटातले तंतू निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, करडा, पांढरा या ठरलेल्या क्रमाने त्याने वेगळे केले. निळ्यावरचा रंगीत लेप चिमट्यासारख्या स्ट्रिपरने सोलला, अल्कोहोलच्या फडक्याने काच पुसली (पुसताना काच किर्र वाजते), क्लीव्हरमध्ये ठेवून टोक काटकोनात तोडलं. दोन टोकं मशीनमध्ये समोरासमोर ठेवल्यावर पडद्यावर ती जाडजूड खांबांसारखी दिसली. ठिणगी पडली, खांब एक झाले, घटीचा आकडा आला ०.०२ डेसिबल. “धूळ बसली तर पॉइंट वन जातो, मग परत तोडा,” तो म्हणाला, आणि वाऱ्याकडे पाठ करून पुढचा तंतू उचलला. इतकं नाजूक काम जिथे चालतं त्याच्या शेजारीच जेसीबीचा दात चालतो, हे मुंबईच्या फायबरचं खरं दुखणं आहे.

तुटलेली जागा शोधणं तसं सोपं आहे. ओटीडीआर नावाचं यंत्र प्रकाशाचा झटका पाठवतं आणि काचेतून मागे विखुरलेला अंधूक प्रकाश ऐकतं. काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर. १० मायक्रोसेकंदांनी प्रतिध्वनी आला तर तूट एक किलोमीटरवर. शोधायला काही मिनिटं, उकरायला मात्र पुन्हा परवानगी. २२ मार्च २०२३ला केंद्राने ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप आणलं ते यासाठीच: खोदणाऱ्याने आधी कळवावं, ज्याची केबल आहे त्याने येऊन दाखवावी. घुशी मात्र ॲप वापरत नाहीत. त्यांच्यासाठी केबलला पोलादी पत्र्याचं चिलखत लागतं. चेंबरमध्ये साचणारं पाणी काचेला लगेच मारत नाही, पण ताणाखाली असलेल्या बारीक चिरा ओलाव्याने वाढत जातात, म्हणून तंतूंभोवती जेली भरतात.

जमिनीखालच्या जाळ्याचा बहुतेक खर्च खोदण्याचा आणि बुजवण्याचा असतो. त्यापुढे काच स्वस्त. हे एकदा लक्षात आलं की कंपन्या कुठे काटकसर करतात तेही कळतं: एक तर खांबा-झाडांवरून केबल ओढायची, नाही तर चर उथळ मारायचा. अमेरिकेतल्या लुइव्हिलमध्ये गूगल फायबरने रस्त्याला जेमतेम दोन इंच खोल खाच पाडून केबली टाकल्या. वरचं भरण उखडलं, केबली रस्त्यावर आल्या. २०१९मध्ये कंपनीने शहर सोडलं आणि रस्ते नीट करायला ३८.४ लाख डॉलर भरले. तिथे आपल्यासारखा पाऊस नाही. न्यूयॉर्कने २००८मध्ये व्हेरायझनशी करार करून शहरभर फायबर न्यायचं बंधन घातलं. कंपनी म्हणाली, दारावरून केबल गेली म्हणजे झालं. शहर २०१७मध्ये कोर्टात गेलं आणि २०२०मध्ये आणखी ५ लाख घरांची तडजोड पदरात पाडून घेतली. मुंबई महापालिकेला असा खटला भरता येणार नाही, कारण करार तिचा नाहीच.

स्टॉकहोमने मात्र १९९४मध्येच निराळी वाट धरली. शहराच्या मालकीची स्टोकाब कंपनी रस्ते खोदते, काच घालते आणि न उजळलेलं ‘डार्क फायबर’ सगळ्यांना सारख्या दराने भाड्याने देते. प्रकाश ज्याने-त्याने आपला आणायचा. हे मालाडच्या विजेसारखंच झालं. आपल्या २०२३च्या दूरसंचार कायद्यातही सामाईक डक्टची तरतूद आहे, सर्वांना खुल्या असण्याच्या अटीसह. मुंबईचे रस्ते सध्या झपाट्याने सिमेंटचे होत आहेत. काँक्रीट ओतण्याआधी चार रिकामे पाईप टाकणं आणि ओतल्यावर कटर लावून ते फोडणं यातला फरक कुठल्याही मुकादमाला विचारा. मला विचाराल तर पालिकेने केबलींना परवानग्या देत बसण्यापेक्षा स्वतःचे डक्ट घालून भाडं घ्यावं.

तोपर्यंत पुनर्विकासाला गेलेल्या सोसायट्यांना आपल्यापुरतं स्टॉकहोम करता येईल. बिल्डरच्या करारात कार्पेट एरिया आणि पार्किंगच्या शेजारी दोन ओळी टाकायच्या: प्रत्येक फ्लॅटपासून तळमजल्याच्या एका खोलीपर्यंत चार तंतूंची केबल, मालकी सोसायटीची, आणि कुठल्याही कंपनीचा स्प्लिटर त्या खोलीच्या वर, मजल्यावर, बसवायचा नाही.