घोडीचं ब्लडप्रेशर मोजणारा पाद्री

ब्लडप्रेशर जगात पहिल्यांदा मोजलं कोणी, तर एका पाद्र्याने. स्टीफन हेल्स त्याचं नाव, लंडनजवळच्या टेडिंग्टन गावच्या चर्चचा पाद्री. चर्चचं काम सांभाळून हे गृहस्थ प्रयोग करायचे. त्याने एक घोडी बांधून आडवी पाडली (कामातून गेलेली होती, तशीही तिला मारणारच होते), मांडीतली धमनी उघडून पितळेची बारीक नळी आत घातली आणि तिला 9 फुटांची उभी काचेची नळी जोडली, तर रक्त चढलं थेट 8 फूट 3 इंच! हे त्याने 1733 साली छापलं. भूल नावाचा प्रकारच तेव्हा नव्हता, म्हणजे घोडी पूर्ण शुद्धीत होती.

शेजारच्या ट्विकनहॅमला राहायचा कवी अलेक्झांडर पोप, आणि तो कॅथलिक (नाव पोप असलं तरी रोमच्या पोपशी काही संबंध नाही). दोघांची चांगली ओळख होती. पोपचं म्हणणं, माणूस भला आहे पण हात रक्ताने भरलेत, आणि माणसाच्या उपयोगाचं असलं तरी आपल्यापेक्षा थोडेच खाली असलेले हे जीव मारायचा हक्क आपल्याला दिला कोणी? मला या दोघांची जोडी फार आवडते कारण धर्म विरुद्ध विज्ञान असं जे सोपं चित्र आपण रंगवतो ते इथेच फाटतं, प्रयोग करणारा पाद्री आणि हरकत घेणाराही श्रद्धाळू.

बायबलमध्ये दोन्ही बाजूंना मटेरियल आहे हीच तर गंमत. उत्पत्तीच्या पुस्तकात देव माणसाला प्राण्यांवर सत्ता देतो. येशू म्हणतो की दोन पैशांना पाच मिळणाऱ्या चिमण्यांपैकी एकीचाही देवाला विसर पडत नाही, आणि लगेच पुढे म्हणतो की तुम्ही पुष्कळ चिमण्यांपेक्षा मोलाचे आहात. आता यातलं कुठलं वाक्य धरायचं ते तुम्ही ठरवा. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या कॅथलिक धर्मपंडिताने ठरवलं की प्राण्यांना बुद्धी नाही, ते माणसासाठीच आहेत, क्रूरपणा टाळायचा तो एवढ्यासाठी की ती सवय उद्या माणसांवर उतरेल. म्हणजे कुत्र्याच्या वेदनेला स्वतःची अशी किंमत शून्य. कॅथलिक विचारावर या माणसाची छाप इतकी खोल की शतकानुशतकं तेच चालू राहिलं.

खरी खडाजंगी झाली 1870 च्या दशकात इंग्लंडमध्ये. फ्रान्सिस पॉवर कॉब या बाईने जिवंत प्राणी चिरण्याविरुद्ध संघटना काढली, तिच्या मागे उभे राहिले लॉर्ड शाफ्ट्सबरी, हे तेच कट्टर इव्हँजेलिकल (बायबललाच प्रमाण मानणारे प्रोटेस्टंट) ज्यांनी गिरण्यांतल्या पोरांसाठी कायदे करून घेतले, आणि दुसरे कार्डिनल मॅनिंग, म्हणजे कॅथलिक चर्चचे वरिष्ठ धर्मगुरू. मॅनिंगची युक्ती भारी होती. ते म्हणाले, प्राण्यांचं आपण थेट काही देणं लागत नाही हे मान्य, पण ज्याने ते निर्माण केले त्याचं लागतो ना! अक्वायनसला न खोडता त्याच्या कडेने वाट काढली. 1876 चा कायदा आला, प्रयोगाला लायसन्स लागू झालं, भूल देणं सक्तीचं झालं, पण डॉक्टर मंडळींनी दबाव आणून पळवाटा ठेवून घेतल्या आणि कॉबबाई शेवटपर्यंत नाराजच राहिल्या. तोच कायदा तिथे 1986 पर्यंत चालला.

दुसऱ्या बाजूलाही वजन आहे हे विसरून चालणार नाही. 1921 साली टोरंटोत बँटिंग आणि बेस्ट या संशोधकांनी कुत्र्यांचं स्वादुपिंड काढून त्यांना डायबेटिस केला, त्यातून इन्सुलिन हाती आलं आणि पुढच्याच वर्षी मरणाच्या दारातली मुलं उठून बसायला लागली.

या भांडणातून सगळ्यात उपयोगी गोष्ट निघाली ती मात्र फारशी कोणाला माहीत नसते. चार्ल्स ह्यूम नावाच्या ब्रिटिश गृहस्थाने प्राणिकल्याणाची एक संस्था काढली होती, ख्रिस्ती धर्मात प्राण्यांचं स्थान काय यावर त्याने पुस्तकही लिहिलंय, आणि त्याच संस्थेने रसेल आणि बर्च या दोन शास्त्रज्ञांना कामाला लावलं. 1959 मध्ये त्यांनी तीन प्रश्न मांडले, प्राण्याऐवजी दुसरं काही वापरता येईल का, कमी प्राण्यांत भागेल का, वेदना कमी करता येईल का. आज जगभरच्या लॅबमध्ये एथिक्स कमिटी हेच विचारते.

कॅथलिक चर्चच्या 1992 च्या अधिकृत शिकवणीत लिहिलंय की वाजवी मर्यादेत आणि माणसावर उपचार करण्यासाठी किंवा त्याचे प्राण वाचवण्यासाठी असेल तर प्रयोग चालतील, विनाकारण यातना नकोत. ठीक, पण वाजवी किती ते कोण सांगणार? मला विचाराल तर हे फारच गुळमुळीत आहे, रसेल-बर्चचे प्रश्न निदान उत्तर मागतात. लिपस्टिकसाठी सशाच्या डोळ्यात केमिकल घालणं यात कुठेच बसत नाही, भारताने 2014 मध्ये कॉस्मेटिक्ससाठी प्राण्यांवर टेस्टिंग बंद केलं ते बरंच झालं.

सापाच्या विषावरच्या लसीचं मात्र अवघड आहे. ती घोड्यांना थोडं थोडं विष टोचून त्यांच्या रक्तातून बनते, आपल्या मुंबईच्या हाफकिन संस्थेनेही ती बनवलीय, आणि लस किती ताकदीची आहे हे बघायला विष टोचलेले उंदीर लागतात. इंग्लंडचे अँग्लिकन (तिथल्या अधिकृत चर्चचे) पाद्री अँड्र्यू लिन्झी म्हणतात की दुबळ्यांसाठी झिजणं हाच ख्रिस्ताचा मार्ग, तेव्हा आपल्या फायद्यासाठी प्राण्यांना वेदना देणं नाहीच. मला तेवढं जमत नाही, शेतात घोणस चावलेला माणूस दवाखान्यात आला की मी लसीच्याच बाजूने. फक्त लसीची ताकद उंदरांशिवाय काचेच्या नळीत मोजायच्या पद्धतींवर काम चालू आहे, आणि त्या कामाला पैसा कमी पडू नये एवढं मात्र वाटतं.