शाफ्टमधले वीस ग्रॅम

पुण्यातल्या एका गोल्फच्या ड्रायव्हिंग रेंजवर, म्हणजे फटक्यांचा सराव करायच्या मैदानावर, उन्हाळ्याच्या शेवटी शिकलेली एक गोष्ट अजून डोक्यातून गेलेली नाही. शिकवणाऱ्या दादांनी दोन ड्रायव्हर, म्हणजे लांब फटक्यासाठीचे क्लब (चेंडू मारायच्या काठ्या), पुढे केले. दोन्हींचं हेड, म्हणजे चेंडूला लागणारं टोक, एकच, लांबी तेवढीच, ग्रिपही तीच. फरक होता तो शाफ्टमध्ये, म्हणजे मधल्या दांड्यात. एक पन्नास ग्रॅमचा, दुसरा सत्तर ग्रॅमचा. नुसते हातात धरले तर मला दोन्ही सारखेच वाटले. मग दोन्हींनी दहा-दहा चेंडू मारले. हलक्या शाफ्टचे चेंडू कधी उजवीकडे पळाले, कधी जमिनीलगत सरपटले. जड शाफ्टचे फार लांब गेले नाहीत, पण एकाच पट्ट्यात पडत राहिले.

दादा म्हणाले, "हलका हातात आला की तुम्ही वरून खाली येताना घाई करताय. जड असला की थांबताय."

"पण दादा, वीस ग्रॅमनं असं काय होतंय?"

"ते मला माहीत नाही. होतं एवढं खरं. रोज बघतो."

वीस ग्रॅम म्हणजे चार-पाच चमचे साखर. अख्खा ड्रायव्हर साधारण ३१० ग्रॅमचा असतो: दोनशे ग्रॅमचं हेड, पन्नासेक ग्रॅमची ग्रिप आणि बाकीचा शाफ्ट. एवढ्याशा साखरेनं माणसाची लय कशी काय बदलते, हा प्रश्न घेऊन मी घरी आलो आणि आकडेमोडीला बसलो.

जड बॅट की हलकी बॅट, हा वाद आपल्याकडे गल्लीगल्लीत चालतो. पण क्रिकेटमध्ये बॅट कधी खाली यायची ते बोलर ठरवतो. गोल्फचा चेंडू समोर निमूट पडलेला असतो. कोणी घाई करत नाही, कोणी थांबवत नाही. वर किती वेळ जायचं आणि खाली किती वेळात यायचं, हे सगळं आपलं आपण ठरवायचं. म्हणून या खेळात टेम्पोला, म्हणजे स्विंगच्या लयीला, इतकं महत्त्व आहे.

ही लय मोजता येते. जॉन नोव्होसेल या अमेरिकन माणसानं नामवंत खेळाडूंच्या चित्रफिती घेऊन एकेक फ्रेम मोजली. सेकंदाला तीस फ्रेम या हिशेबानं कोणाचा बॅकस्विंग २७ फ्रेम आणि डाउनस्विंग ९, कोणाचा २४ आणि ८, कोणाचा २१ आणि ७. वेग वेगवेगळा, पण गुणोत्तर तेच, तीनास एक. २४ आणि ८ म्हणजे वर जायला ०.८ सेकंद आणि खाली यायला पाव सेकंदाहून किंचित जास्त. पुढे येल विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट ग्रोबर यांनी याच लयीचा अभ्यास केला. स्विंगकडे स्प्रिंगला बांधलेल्या वजनासारखं पाहिलं तर ही वेळेची शिस्त समजू शकते, असं त्यांनी मांडलं. मला ही कल्पना फार आवडते, कारण आपल्या प्रश्नाला तिथूनच हात घालता येतो.

स्प्रिंग म्हटलं, झोपाळा नाही म्हटलं, हे महत्त्वाचं. झोपाळ्यावर नातू बसो की आजोबा, एक झोका जवळपास तेवढ्याच वेळात पुरा होतो, कारण गुरुत्वाकर्षण जड माणसाला त्याच प्रमाणात जास्त ओढतं. गोल्फच्या स्विंगमध्ये ओढणारे मुख्यतः स्नायू असतात, आणि क्लब जड झाला म्हणून ते आपोआप जास्त जोर लावत नाहीत. स्प्रिंगला टांगलेलं वजन वाढवलं की हेलकावा संथ होतो, तसं इथे व्हायला हवं. मात्र वाढ वर्गमुळाच्या हिशेबानं होते. वजन चौपट केलं तर वेळ दुप्पट.

आता आपले वीस ग्रॅम. फिरणाऱ्या वस्तूत नुसतं वजन मोजून भागत नाही, ते कुठे आहे हे पाहावं लागतं. घरातली बंद छत्री मुठीकडून धरून फिरवा, मग टोकाकडून धरून फिरवा. छत्री तीच, पण मूठ लांबच्या टोकाला गेली की ती फिरवणं एकदम जड जातं. फिरवायला होणाऱ्या या विरोधाला भौतिकशास्त्रात मोमेंट ऑफ इनर्शिया म्हणतात, आणि तो अंतराच्या वर्गानं वाढतो. क्लबचं हेड अगदी टोकाला असतं, त्यामुळे त्याचा प्रत्येक ग्रॅम पुरा मोजला जातो. शाफ्ट मात्र मनगटापासून हेडपर्यंत पसरलेला. सरळ एकसारख्या दांड्याचं गणित केलं तर त्याचा ग्रॅम टोकाच्या ग्रॅमच्या एक तृतीयांशच भरतो. म्हणजे शाफ्टमधले वीस ग्रॅम हे हेडमधल्या पावणेसात ग्रॅमच्या बरोबरीचे. दहा रुपयांचं नाणं ७.७ ग्रॅमचं असतं. हेडला एक नाणं चिकटवलं तरी वीस ग्रॅमपेक्षा जास्त परिणाम होईल!

मनगटाभोवती फिरणाऱ्या क्लबचा विरोध यानं जेमतेम तीन टक्के वाढतो. आणि बॅकस्विंगमध्ये क्लब एकटा कुठे फिरतो? सोबत दोन्ही हात असतात. सत्तर किलोच्या माणसाचे दोन हात मिळून सात किलोच्या आसपास भरतात. खांद्यापासून सगळं जमेला धरलं तर वाढ दोनेक टक्क्यांवर येते, धड धरलं तर त्याहून कमी. वर्गमुळाच्या नियमानं वेळेत फरक पडेल तो एक टक्का. ०.८ सेकंदाचा एक टक्का म्हणजे सेकंदाचे आठ हजारांश, ०.००८ सेकंद. पापणी लवायला याच्या दहापट तरी वेळ लागतो.

इथे मी पेन खाली ठेवलं. गणित सांगत होतं की काही व्हायला नको, आणि रेंजवर तर डोळ्यांदेखत झालं होतं.

ही अडचण माझ्या एकट्याची नव्हती. शाफ्ट हलका केला तर हेडचा वेग थोडा वाढायला हवा, असं यांत्रिकी सांगते. २०१२ साली क्रीडा अभियांत्रिकीच्या एका नियतकालिकात आलेल्या शोधनिबंधानं हेच प्रत्यक्ष खेळाडूंवर तपासलं. शाफ्टचं वस्तुमान बदललं तर गोल्फर यांत्रिकीच्या भाकिताप्रमाणे वागत नाहीत, हा त्याचा निष्कर्ष त्याच्या शीर्षकातच आहे. रोबोच्या हातात क्लब दिला तर गणित बरोबर येईल. माणूस मात्र क्लब हातात येताच स्वतःच बदलतो.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. हेड आणि चेंडू यांचा स्पर्श फक्त अर्ध्या मिलिसेकंदाचा असतो. तेवढ्या वेळात लवचीक शाफ्टमधून हातांचा जोर चेंडूपर्यंत पोहोचतच नाही. हेड जणू सुटंच येऊन आदळल्यासारखं वागतं. म्हणजे शाफ्टचं वजन चेंडूला कळतच नाही. ते कळतं फक्त हातांना, आणि तेही चेंडूला लागण्याआधी. माझ्या मते या सगळ्या प्रश्नाचं मर्म इथे आहे. शाफ्ट लय बदलतो तो क्लबला संथ करून नव्हे, हातांना काहीतरी सांगून.

हात काय ऐकतात? डोळे मिटून एखादी काठी हलवली तर ती साधारण किती लांब आहे हे आपल्याला सांगता येतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मायकल टर्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या जाणिवेवर अनेक प्रयोग केले. लांबीचा हा अंदाज आपल्याला मुख्यतः फिरवतानाच्या त्या विरोधातूनच येतो, असं त्यांना दिसलं. स्नायू आणि स्नायुबंधांमधले संवेदक तो ताण सतत मेंदूला कळवत असतात. मला स्थिर धरलेले दोन ड्रायव्हर सारखे वाटले आणि फिरवल्यावर वेगळे, ते याचमुळे.

हा संदेश सगळ्यात मोलाचा ठरतो तो स्विंगच्या माथ्यावर. चांगल्या खेळाडूचा क्लब अजून मागे जात असतो, तोवर कंबर पुढे वळायला लागलेली असते. या उलट्या ओढीच्या क्षणाला ट्रान्झिशन म्हणतात. मागे जाणारा क्लब त्या क्षणी हातांना ओढ देतो. ती ओढ जाणवली की हात थांबतात आणि अंगाला पुढे जाऊ देतात. क्लब बसवून देणारे फिटर अनुभवानं सांगतात की ज्याचं ट्रान्झिशन मुळातच झटक्याचं आहे, त्याच्या हातात फार हलका शाफ्ट दिला तर ही ओढ पुसट होते. मग हात आधी धावतात, अंग मागे राहतं, आणि तीनास एकचं गुणोत्तर मोडतं. आठ हजारांश सेकंदानं नव्हे, चांगल्या ठळक फरकानं.

पण हातांची ही जाणीव फसवतेही. बेसबॉलचे खेळाडू मैदानात उतरण्याआधी बॅटवर वजनाचं कडं चढवून ती फिरवतात. कडं काढलं की बॅट पिसासारखी वाटते, आपण झपाट्यानं फिरवतोय असं वाटतं. मोजलं तर वेग वाढलेला सापडत नाही, उलट काही वेळा उतरलेलाच असतो. म्हणून दुकानात दोन-चार वेळा हलवून "हा छान वाटतोय" म्हणत शाफ्ट निवडू नये, असं मी कळकळीनं सांगेन.

शाफ्टनं लय घडवण्याची गोष्ट जुनी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शाफ्ट हिकरी लाकडाचे असत. ते वाकत आणि पिळतही. झटका दिला तर हेडचं तोंड भलतीकडे वळे, म्हणून त्या काळच्या खेळाडूंना स्विंग सावकाश फुलवावा लागे. अमेरिकन गोल्फर बॉबी जोन्सनं १९३० साली चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्या त्या हिकरीच्या क्लबांनी. पोलादी शाफ्टला अमेरिकेत १९२४ साली आणि ब्रिटनमध्ये १९२९ साली मान्यता मिळाली होती, आणि १९३१ साली बिली बर्कनं पोलादी शाफ्टनं यूएस ओपन जिंकली. पोलाद फारसं पिळत नाही. मग जोरात मारायला मुभा मिळाली. १९६९ च्या सुमारास फ्रँक थॉमस यांनी ग्रॅफाइटचा शाफ्ट बनवला आणि वजन उतरायला लागलं. ड्रायव्हरचा पोलादी शाफ्ट सव्वाशे ग्रॅमच्या आसपास असे, आज पन्नास-साठ ग्रॅम सर्रास आहेत. वाचलेल्या वजनातून क्लब लांब झाले, ४३ इंचांवरून ४५ च्या पुढे, आणि ड्रायव्हरचे फटके लांबले त्यात या वाढलेल्या लांबीचाही हात आहे.

दुकानात स्विंगवेट म्हणून डी-वन, डी-टू असे आकडे सांगतात. ग्रिपच्या टोकापासून १४ इंचांवर क्लब तोलून ते काढतात. शाफ्टमध्ये नऊ ग्रॅम वाढले किंवा हेडमध्ये दोन, तर एकच घर सरकतं. फिरतानाचं वजन यातून थेट कळत नाही, त्यामुळे त्यावर फार विसंबू नये.

त्यापेक्षा फोन बरा. सेकंदाला २४० फ्रेमचं स्लो-मोशन चित्रण घ्या आणि फ्रेम मोजा. २४ आणि ८ ची लय तिथे १९२ आणि ६४ दिसेल. मी पुढच्या आठवड्यात तसंच केलं. दादांनी शाफ्टवरचे आकडे कागदी पट्टीनं झाकले आणि क्लब आलटून-पालटून हातात दिले. जड शाफ्टच्या वेळी माझे आकडे एकमेकांना धरून राहिले. हलक्याच्या वेळी विस्कटले, आणि विस्कटले ते वर जाताना नाही, माथ्यावरून खाली येताना.

तेवढ्यात शेजारच्या मॅटवरचे सत्तरीतले निवृत्त काका म्हणाले, "मला बघू तो." दादांनी त्यांना दोन्ही दिले. सत्तर ग्रॅमनं तिसऱ्या चेंडूलाच त्यांचा खांदा ओढू लागला. पन्नास ग्रॅमनं मात्र चेंडूमागून चेंडू सरळ जाऊ लागले, वर तीन मात्रा, खाली एक. दादांनी पट्टी काढून त्यांना आकडा दाखवला, आणि हलका ड्रायव्हर त्यांच्याच बॅगेला टेकवून ठेवला.